एकदां ओळख, सर्वत्र प्रवेश

भूम हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव तेथील खव्यासाठीं दूरवर ओळखलें जातें. भट्ट्यांवर दूध आटत असतें त्याच सुमारास शाळांचीं, पंचायत समितीचीं व तहसील कचेरीचीं दारें उघडतात. एके काळीं कचेरी उघडणें म्हणजे कुलूप काढणें, एवढाच अर्थ होता. आतां शिपायानें कुलूप काढल्यावर खरीं कुलुपें पुढेंच असतात. मुख्याध्यापकास शिक्षकांच्या वेतनासाठीं ‘शालार्थ’ उघडावें लागतें. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठीं ‘सरल’ आणि ‘यूडायस प्लस’. पोषण आहाराचा हिशेब निराळा, शिष्यवृत्तीचे अर्ज निराळे. महसुली कारकुनास टिपणीसाठीं ‘ई-ऑफिस’, पगारपत्रकांसाठीं ‘सेवार्थ’, जमिनीच्या नोंदींसाठीं ‘ई-फेरफार’. प्रत्येक ठिकाणीं नांव निराळें, परवलीचा शब्द ऊर्फ पासवर्ड निराळा, आणि तो बदलण्याची मुदतहि निराळी.

इतक्या परवली तोंडपाठ ठेवणें मनुष्यस्वभावाला धरून नाहीं. मग तो आपल्या परीनें वाट काढतो. कोणी त्या सर्व एका कागदावर लिहून तो टेबलाच्या कांचेखालीं ठेवतो. कोणी मुलाचें नांव व पुढें एक-दोन-तीन असा एकच शब्द सगळीकडे लावून मोकळा होतो. आणि ज्यांस हेंहि जमत नाहीं ते आपली परवली शेजारच्या केंद्रचालकाच्या स्वाधीन करून त्याच्याच हातून माहिती भरून घेतात. यांपैकीं कागदाचा मार्ग सर्वांत भोळा दिसतो, परंतु सर्वांत धोक्याचा तो नव्हे. कांचेखालचा कागद त्या खोलींत येणाऱ्यालाच दिसतो. उलट सर्वत्र एकच शब्द वापरणाऱ्याचा तो शब्द एखाद्या किरकोळ दुकानदारी संकेतस्थळावरून चोरीस गेला, तर चोर तोच शब्द घेऊन वेतनाच्या व टपालाच्या दारावर जाऊन पाहतो. हें काम त्याच्या वतीनें यंत्रें करतात व तीं थकत नाहींत.

परवलीच्या शब्दाचें हें दुखणें जन्मजात आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत एकच संगणक अनेकांनीं वापरण्याची सोय झाली आणि प्रत्येकाचें काम निराळें राहावें म्हणून परवली आली. लगेच १९६२ सालीं तेथीलच एका संशोधकानें, आपणांस संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून, सगळ्यांच्या परवलींची यादी छापून घेतली. तेव्हांपासून आजवर परवली लांब करा, तिच्यांत चिन्हें घाला, ती दर महिन्यास बदला, असे उपदेश पुष्कळ झाले. यांपैकीं दर महिन्यास बदलण्याचा उपदेश तर आतां मागें घेतला गेला आहे. अमेरिकेच्या मानके ठरविणाऱ्या सरकारी संस्थेनेंच २०१७ सालीं असें सांगितलें कीं, चोरीचा संशय नसतां उगाच परवली बदलावयास लावूं नये. कारण वारंवार बदलावी लागणारी परवली माणसें अधिकाधिक सोपी करीत जातात. आपल्याकडील कित्येक कचेऱ्यांपर्यंत ही वार्ता अद्याप पोंचलेली दिसत नाहीं.

दुखण्याचा खरा उपाय परवली वाढविण्यांत नसून दारें कमी करण्यांत आहे. या उपायास इंग्रजींत ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. मराठींत त्याला एकप्रवेश म्हणावें. मनुष्यानें दिवसाच्या आरंभीं एकाच ठिकाणीं आपली ओळख पटवावी, आणि पुढें त्याला ज्या ज्या दालनांत जाण्याचा अधिकार आहे, त्या प्रत्येक दालनानें त्या एका ठिकाणाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यास आंत घ्यावें, अशी ही योजना आहे.

येथें श्रोत्यांस शंका येईल कीं, एकाच्या शब्दावर दुसऱ्यानें विश्वास कसा ठेवावा? परंतु भूमच्या परिसराला हा व्यवहार नवा नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, तर जवळची बार्शीची पेठ इंग्रजी अमलांत. अंमल निराळा, चलनहि निराळें. संस्थानांत हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. अशा सरहद्दींवरून व्यापार चाले तो हुंडीच्या बळावर. हुंडी घेऊन येणाऱ्यास परगांवच्या सावकारानें जन्मांत पाहिलेलें नसे. तो हुंडी लिहिणाऱ्या पेढीचें अक्षर, तिची खूण, रक्कम व मुदत पाही. हुंडी कोणास द्यावयाची हेंहि तींत लिहिलेलें असे. म्हणून धनीजोग, शहाजोग असे तिचे प्रकार होते. पेढी ओळखीची, खूण खरी, मुदत योग्य आणि आणणारा लिहिल्याप्रमाणें योग्य, एवढें जुळलें कीं पैसे मोजले जात. एकप्रवेशाची सारी यंत्रणा म्हणजे विजेच्या वेगानें चालणारी हुंडीच होय.

आतां ही हुंडी प्रत्यक्ष कशी फिरते तें पाहावें. एखादा शिक्षक आपल्या संस्थेचें ग्रंथालयाचें पान उघडतो. ग्रंथालय त्यास परवली विचारीत नाहीं. तें त्याला ओळख पटविणाऱ्या ठिकाणाकडे पाठवितें. या ठिकाणास आपण सोयीसाठीं ओळखपेढी म्हणूं. पेढी परवली विचारते, शक्य तर आणखी एक पुरावा मागते, आणि खात्री पटल्यावर एक चिठ्ठी लिहून देते. या चिठ्ठीस ‘टोकन’ म्हणतात. शिक्षकाचा संगणक ती चिठ्ठी घेऊन ग्रंथालयाकडे परत येतो, ग्रंथालय ती तपासतें व दार उघडतें. हें सर्व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच घडतें. थोड्या वेळानें तोच शिक्षक परीक्षेच्या गुणांचें पान उघडतो. तें पानहि त्याला पेढीकडे पाठवितें. पण पेढीस त्याची सकाळची ओळख स्मरत असते, म्हणून ती कांहींहि न विचारतां दुसरी चिठ्ठी लिहिते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, शिक्षकाची परवली ग्रंथालयाला किंवा परीक्षा विभागाला कधींच कळत नाहीं. उद्यां ग्रंथालयाची यंत्रणा कोणीं फोडली, तरी तेथें चोरण्यासारखी परवलीच नसते.

चिठ्ठी तपासणें हा या विद्येचा प्राण आहे, आणि घात होतो तोहि बहुधा येथेंच. दालनानें चार गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली, चिठ्ठीवरील स्वाक्षरी. ही शाईची स्वाक्षरी नसून गणिताची असते. पेढीजवळ दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, जिनें स्वाक्षरी होते, व दुसरी उघड, जिनें ती पडताळतां येते. उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणें व्यवहारांत अशक्य असतें. १९७७ सालीं मॅसॅच्युसेट्सच्याच संस्थेंत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनीं मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या कठीणपणावर आधारलेली अशी एक पद्धति शोधली, ती आजहि वापरांत आहे. दुसरी गोष्ट, चिठ्ठी कोणी लिहिली. तें नांव आपण मानलेल्या पेढीचेंच आहे ना? तिसरी, चिठ्ठी कोणासाठीं लिहिली. ग्रंथालयासाठीं लिहिलेली चिठ्ठी वेतनाच्या दालनानें स्वीकारतां कामा नये. नाहींतर ग्रंथालय चालविणारा एखादा लबाड मनुष्य आपल्याकडे आलेली चिठ्ठी पुढें चालवून दुसऱ्याच्या नांवानें वेतन विभागांत शिरेल. चौथी, वेळ. चिठ्ठीचें आयुष्य थोड्या मिनिटांचेंच असावें व एकदां वापरलेली चिठ्ठी पुन्हां चालूं नये.

वेळेवरून एक गंमतीची अडचण उद्भवते. ज्या संगणकाचें घड्याळ दहा मिनिटें मागें किंवा पुढें असेल, त्याला खरी चिठ्ठीहि मुदत संपलेली किंवा अद्याप सुरू न झालेली वाटते आणि तो दार लावून घेतो. प्रवेश कां मिळत नाहीं म्हणून तंत्रज्ञ दिवसभर डोकें खाजवतो आणि दोष निघतो घड्याळाचा. यासाठीं सर्व संगणकांचीं घड्याळें इंटरनेटवरील प्रमाणवेळेशीं आपोआप जुळत राहतील अशी व्यवस्था आधीं करावी, मग बाकीचें.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोगहि मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत १९८३ सालीं सुरू झालेल्या ‘अथेना’ नांवाच्या योजनेंत झाला. तेथें तयार झालेल्या पद्धतीस ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या कुत्र्यावरून ‘कर्बेरॉस’ असें नांव दिलें गेलें. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या अंतर्गत जाळ्यांत ती आजतागायत चालू आहे. पुढें निरनिराळ्या संस्थांमध्यें चिठ्ठ्यांची देवघेव व्हावी म्हणून २००५ सालीं ‘सॅमल’ या पद्धतीची दुसरी आवृत्ति निघाली, व २०१४ सालीं ‘ओपन-आयडी कनेक्ट’ ही अधिक सुटसुटीत पद्धति आली. पहिली जुन्या व भारदस्त कार्यालयीन कारभारांत आढळते, दुसरी नव्या कामांत व मोबाइलवर. नवें काम काढणाऱ्यानें सहसा दुसरी घ्यावी.

आपल्या देशांत सरकारनेंहि ही वाट धरली आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रानें सरकारी नोकरांसाठीं ‘परिचय’ नांवाची ओळखपेढी उभी केली. सरकारी ईमेलच्या ओळखीवर तिच्यातून ई-ऑफिससारख्या दालनांत जातां येतें. नागरिकांसाठीं ४ जुलै २०२२ रोजीं गांधीनगर येथें ‘मेरी पहचान’ ही राष्ट्रीय योजना जाहीर झाली. तिच्यांत डिजिलॉकर, जन परिचय आणि सी-डॅकच्या मुंबई केंद्रानें घडविलेलें ई-प्रमाण अशा तीन पेढ्या एकत्र आणल्या आहेत. यांपैकीं कोणत्याहि एकीची ओळख जोडलेल्या सरकारी सेवांत चालावी, हा हेतु. तरीहि सगळीं दालनें अद्याप एका दाराशीं आलेलीं नाहींत, आणि भूमसारख्या गांवीं मुख्याध्यापकाच्या टेबलावरची परवलींची यादी संपलेली नाहीं. हीं सरकारी दारें जोडणें सरकारच्याच हातचें आहे. स्थानिक संस्थेस त्यांत कांहीं करतां येत नाहीं.

मात्र स्वतःच्या घरापुरतें पुष्कळ करतां येतें. समजा, भूमच्या आसपास चार शाळा व एक महाविद्यालय चालविणारी एक शिक्षणसंस्था आहे. तिचें हजेरीचें, शुल्काचें, ग्रंथालयाचें, परीक्षेचें व टपालाचें अशीं पांच दालनें आहेत व सेवकवर्ग दीडशेंचा आहे. अशा संस्थेनें आरंभ यंत्रापासून न करतां हजेरीपटापासून करावा. कोण नोकरींत आहे, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या शाळेंत, याची एकच खरी यादी असली पाहिजे व ती आस्थापना शाखेच्या हातीं असावी. प्रत्येक माणसाची ओळख त्याच्या नांवाची असावी. ‘लिपिक एक’ किंवा ‘कार्यालय’ अशी सामाईक ओळख ठेवल्यास एखादी नोंद कोणीं बदलली हें पुढें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. ओळख माणसाला द्यावी आणि अधिकार हुद्द्याला. मुख्याध्यापक बदलला म्हणजे जुन्याच्या ओळखीवरून तो हुद्दा काढून नव्याच्या ओळखीस लावावा, परवलीचा कागद हातोहात देऊं नये.

हा मुद्दा दिसतो तितका लहान नाहीं. बदली किंवा निवृत्ति झाली कीं निरोपसमारंभ होतो, श्रीफळ दिलें जातें, कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतल्या जातात. परंतु संगणकावरील दारें तशींच त्याच्या नांवें उघडीं राहतात. पुष्कळदां तर प्रवेशाचा सांकेतिक क्रमांक, ज्याला ओटीपी म्हणतात, तो गेलेल्या मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर जात राहतो आणि नव्यास प्रत्येक वेळीं त्यांस फोन करून, ‘गुरुजी, आंकडा आला का?’ असें विचारावें लागतें. गुरुजी सज्जन असतात म्हणून काम निभतें. पाच दालनांतील पांच नोंदी आठवणीनें बंद करणें कोणाकडूनहि चुकेल. एकप्रवेशांत पेढीवरील एकच नोंद बंद केली कीं नवी चिठ्ठी मिळणें तत्क्षणीं थांबतें. मात्र आधीं मिळालेल्या प्रवेशावर उघडें असलेलें दालन तेवढ्यानें मिटत नाहीं. तें बंद करण्याची आज्ञा निराळी द्यावी लागते, हें ध्यानांत ठेवावें.

यादी सिद्ध झाल्यावर पेढी निवडावी. ‘कीक्लोक’ नांवाचें मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर यासाठीं उत्तम आहे. पण तें चालविण्यास स्वतःचा सर्व्हर व त्यावर रोज लक्ष ठेवणारा जाणता मनुष्य लागतो. ज्या संस्थेजवळ तो नाहीं तिनें भलतें धाडस करूं नये. आपली ईमेल ज्या मोठ्या कंपनीकडे आहे, तिच्याकडे बहुधा हीच सोय असते, ती वापरावी. त्यानंतर पेढी व दालन यांची परस्पर ओळख करून द्यावयाची: दालनास पेढीचें नांव, पत्ता व उघड किल्ली द्यावयाची, पेढीस दालनाचें नांव आणि चिठ्ठी नेमकी कोणत्या पत्त्यावर पाठवावी तें सांगावयाचें. हा पत्ता अक्षरशः तंतोतंत असावा. ‘या गांवांतील कोणत्याहि घरीं’ असा ढिला पत्ता लिहिल्यास चिठ्ठी चोराच्या घरीं जाते. आरंभीं ग्रंथालयासारखें एकच दालन जोडून महिनाभर चालवून पाहावें. शुल्क व परीक्षा मागाहून. दालन जोडलें कीं त्याचें जुनें परवलीचें दार बंद करावें. पुष्कळ ठिकाणीं नवा दरवाजा थाटानें बसवितात आणि मागची खिडकी उघडीच राहते.

आतां आक्षेप. सगळ्या दालनांची एकच किल्ली झाली, तर ती चोरीस गेल्यावर सर्वस्वच गेलें कीं नाहीं? आक्षेप खरा आहे. एकप्रवेश करून दुसरा पुरावा न मागणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें होय. म्हणून परवलीशिवाय आणखी एक खूण पाहिजेच. मोबाइलवर संदेशानें येणारा आंकडा कांहींच नसण्यापेक्षां बरा. पण फोनवर गोड बोलून तो काढून घेणारे भामटे गांवोगांव फोन फिरवीत असतात. मोबाइलमधील एका लहानशा साधनांत दर तीस सेकंदांस बदलणारा सहा आंकडी क्रमांक दिसतो, तो अधिक सोयीचा. तो साधनांत ठेवलेलें गुपित व चालू वेळ यांवरून जागच्या जागीं तयार होत असल्यानें मोबाइलला रेंज नसली तरी मिळतो. खेड्यापाड्यांतील शाळांस ही मोठीच सोय आहे. तथापि तोहि फसव्या पानावर टाइप केला जाऊं शकतो. सर्वांत भक्कम ती ‘पासकी’. तिच्यांत मोबाइल किंवा संगणक समोरच्या पानाचा पत्ता स्वतः पडताळतो व खोट्या पत्त्यावर उत्तरच देत नाहीं. माणसाचा डोळा फसतो, यंत्र त्या बाबतींत फसत नाहीं.

‘प्रवेश देऊं का?’ असें मोबाइलवर विचारून नुसतें ‘होय’ म्हणावयास लावणारी एक पद्धति आहे. तिचा दोष सप्टेंबर २०२२ मध्यें उबर या प्रवासी-गाड्यांच्या कंपनींत दिसून आला. चोरानें एका कंत्राटी नोकराची परवली मिळविली होती; तो एकसारखे प्रश्न पाठवीत राहिला आणि शेवटीं त्या नोकरानें एकदां ‘होय’ दाबलें. न मागतां आलेल्या अशा प्रश्नास नेहमीं ‘नाहीं’ म्हणावें व लगेच वरिष्ठांस कळवावें.

पेढीचीच गुप्त किल्ली गेली तर काय होतें, तें २०२३ सालीं दिसलें. चिनी हेरगटानें मायक्रोसॉफ्ट कंपनीची एक स्वाक्षरीची किल्ली हस्तगत करून खोट्या चिठ्ठ्या तयार केल्या आणि अमेरिकन सरकारच्या खात्यांसह सुमारें पंचवीस संस्थांचें टपाल वाचलें. त्यांत जसा किल्लीच्या चोरीचा दोष होता तसाच तपासणीचाहि. सामान्य ग्राहकांसाठीं असलेल्या किल्लीची स्वाक्षरी कार्यालयीन टपालाच्या दालनानें मान्य केली. ‘चिठ्ठी कोणी लिहिली’ हा प्रश्न नीट न विचारल्याचें हें फळ.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. पेढी यादीबरहुकूम चालते. यादीच खोटी असेल तर ती बिचारी काय करणार? २०२५ सालीं नागपूर विभागांत बोगस शालार्थ क्रमांकांचें प्रकरण उघडकीस आलें. नियमबाह्य नेमणुका झालेल्यांस क्रमांक देऊन वेतन काढल्याचे आरोप झाले व पोलिसांनीं तपास हातीं घेतला. अशा ठिकाणीं दारावरचा पहारा कितीहि कडक असला तरी उपयोग नाहीं, कारण मनुष्य रीतसर नोंदीनिशीं आंत येतो. म्हणून यादींत नांव घालणारा एक व त्यास मंजुरी देणारा दुसरा, असे दोघे निराळे असावेत, आणि कोणीं केव्हां कोणाचें नांव घातलें याची नोंद त्या दोघांसहि पुसतां येऊं नये.

रोजच्या वापरांत सर्वांत घात होतो तो चहाच्या वेळीं. पूर्वीं शुल्काचें पान उघडें राहिलें तर शुल्कापुरताच धोका होता. आतां एक मनुष्य खुर्ची सोडून टपरीवर गेला कीं त्याचीं पांचहि दालनें उघडीं असतात. सामाईक संगणकावर पांच-दहा मिनिटांच्या स्वस्थतेनंतर पडदा आपोआप बंद व्हावा आणि संध्याकाळीं सर्व ओळखी विसरल्या जाव्यात, अशी योजना असावी. गुण व पैसे यांच्या दालनांत शिरतांना पुन्हां एकदां खूण मागावी. नोकरवर्ग कुरकुरेल, थोडी कुरकुर सोसावी.

राहतां राहिली विजेची व जाळ्याची गोष्ट. पेढी बंद पडली तर एकहि दार उघडत नाहीं, आणि परीक्षेच्या दिवशींच तसें व्हावयाचें असतें. यासाठीं पेढीशिवाय आंत जाणाऱ्या दोन आणीबाणीच्या ओळखी ठेवाव्यात. त्यांची लांबलचक परवली कागदावर लिहून दोन निरनिराळ्या पाकिटांत घालून, एक अध्यक्षांच्या व एक मुख्याध्यापकांच्या तिजोरींत ठेवावें. त्या ओळखीनें कोणी आंत गेल्यास दोघांसहि तात्काळ संदेश जावा. वर्षांतून एकदां, उन्हाळ्याच्या सुटींत, तीं पाकिटें दोघांच्या समक्ष फोडून परवली चालते कीं नाहीं तें पाहावें, नवी परवली लिहावी आणि पुन्हां मोहर लावून ठेवावीं.